नऊ मिलिमीटरची अर्जुनी

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगाव आहे. बोलण्यात नुसती अर्जुनी. १९०८ साली गोंदिया ते नागभीड ही लाइन सुरू झाली तेव्हा ती नॅरोगेज होती. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती उखडून १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज टाकली गेली. त्यामुळे इथल्या पन्नाशीपुढच्या माणसाच्या डोक्यात दोन अर्जुनी असतात, छोट्या लाइनची आणि बड्या लाइनची. तिशीतल्याला एकच ठाऊक असते.

या लेखातले दोघे नेमके असेच आहेत. मामा रेल्वेतून चावीवाला म्हणून निवृत्त झाले. आपल्या हद्दीतली लाइन रोज पायी तपासत जायची आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून बसवायच्या, ही चावीवाल्याची नोकरी. नोकरी लागली छोट्या लाइनवर, संपली बड्या लाइनवर. भाचा नागपूरला सोलर पंपांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. पुण्यात भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच आहे: घरात अर्जुनी स्टेशनचं चालतं मॉडेल मांडायचं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेसाठी तो गावी आला आणि मामांच्या ओसरीवर वाद सुरू झाला. रूळ कोणते घ्यायचे आणि गाडी चालवायला कंट्रोलर कोणता? मी शेजारी. लेआउटचा पाट माझ्या ओळखीच्या सुताराकडून करून घ्यायचा असल्याने मध्यस्थी माझ्याकडे आली.

भाचा : मामा, स्केल जागा पाहून ठरतं. आपला पाट चार फूट बाय दोन फूट. गाडी जितकी लहान तितकं स्टेशन जास्त मावतं. बाजारात मिळणाऱ्यांत सगळ्यात लहान टी गेज. रुळांत अंतर तीन मिलिमीटर, स्केल १:४५०. चार फुटांत खरं साडेपाचशे मीटर बसतं. म्हणजे जवळजवळ अख्खं स्टेशन.

मामा : अन् ते गाडी मले दिसन का? रुळावरून उतरली तं चढवाले चिमटा घेऊन बसू?

भाचा : चिमटा लागेल, खरं आहे. तिच्या चाकांत चुंबक असतं आणि रूळ लोखंडी असतात, नाहीतर एवढ्या हलक्या इंजिनाची पकडच बसत नाही.

मामा : लोखंडी? पावसाळ्यात अर्जुनीत? पुढचं सांग.

भाचा : बरं, टी राहू द्या. मग झेड. जर्मनीच्या मार्क्लिनने १९७२ मध्ये आणलं. साडेसहा मिलिमीटर, १:२२०. आपला आजचा २२ मीटरचा डबा त्यात दहा सेंटिमीटरचा होतो. जपानची रोकुहान कंपनी याच मापाचे रूळ खाली गिट्टी लावूनच विकते. १४५ मिलिमीटर त्रिज्येचं वळण मिळतं, म्हणजे फूटभर रुंदीत गाडी गरकन फिरते. त्यावरचं माप एन, नऊ मिलिमीटर, आणि या तिघांत सगळ्यात जास्त माल त्यातच मिळतो. एनमध्ये तोच डबा पावणेचौदा सेंटिमीटरचा.

मामा : तू डबे मोजून राहिला. मी दुसरं विचारतो. अर्जुनी कोणती करून राहिला? छोट्या लाइनची का बड्या लाइनची?

भाचा : आजची. बड्या लाइनची. तीच माझी अर्जुनी.

मामा : मंग गेज मोज. एनच्या रुळावर बडी लाइन बसते का नाई, कागदावर करून दाखव.

रुळांतलं अंतर मोजायचा गेजरॉड मामांच्या हातून सुटून वर्षं झाली, पण विचारायची खोड सुटलेली नाही. भाच्याने हिशेब मांडला. एनचं स्केल १:१६०. नऊ गुणिले १६० म्हणजे १४४०. ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजशी जुळतं, कारण ही मापं त्यांच्यासाठीच केलेली आहेत. आपल्या १६७६ ला साडेदहा मिलिमीटर हवेत. झेडचीही तीच गत, साडेसहा गुणिले २२० म्हणजे १४३०.

मामा : अडीचशे मिलिमीटर कमी! आमच्या काळात थोडक्या फरकासाठी लाइनीचे इन्स्पेक्टर, पीडब्ल्यूआय साहेब, लाइनवर उभं करून बोलत. अन् तू पाव मीटर खाऊन राहिला.

भाचा : मामा, हे सगळेच खातात. पुण्याच्या जोशी संग्रहालयात एचओ स्केल आहे, १:८७, रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. तेही १४३५ चंच माप. १ एप्रिल १९९८ पासून लोक ते बघतायत, गेज कमी आहे म्हणून कोणी उठून गेल्याचं ऐकलं नाही. चालणारी गाडी समोर आली की माणूस रुळांतलं अंतर मोजत नाही.

मामा : तू मोजत नसशीन. मी मोजतो.

वाद इथे अडला असता. दोघांचंही बरोबर होतं. तयार मालात भारतीय ब्रॉडगेज जवळपास नाही, आणि तो फरक सोसूनच आपल्याकडचे हौशी लोक काम करतात. पण तोच कागद घेऊन मी दुसरा गुणाकार केला. नऊ गुणिले ८७ म्हणजे ७८३. छोट्या लाइनचं गेज ७६२. उलटं केलं तर ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर. पाव मिलिमीटरहून कमी फरक. एन गेजचा बाजारात सहज मिळणारा रूळ घ्यायचा आणि त्यावर १:८७ च्या मापाची गाडी, माणसं, झाडं, प्लॅटफॉर्म बसवायचा, की आमची छोटी लाइन जवळजवळ बिनचूक उभी राहते. युरोपात नॅरोगेज मांडणारे ही युक्ती फार दिवसांपासून वापरतात. त्यांच्या भाषेत ते एचओई.

याच गणितातून एक गंमत निघाली. झेडचा साडेसहा मिलिमीटरचा रूळ १:१६० ला लावला तर १०४० येतात, म्हणजे मीटरगेज. आणि गोंदियातून गेलेली पहिली लाइन मीटरगेजच होती. नागपूर-छत्तीसगढ रेल्वेने ती १८८० च्या दशकात राजनांदगावपर्यंत नेली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन ती रुंद केली, आणि त्याच कंपनीने नंतर आमची छोटी लाइन टाकली. तीन गेज पाहिलेल्या गोंदियाची मीटरगेज आणि नॅरोगेज ही दोन रूपं या इवल्या रुळांवर जवळजवळ बिनचूक मांडता येतात, फक्त प्रत्येकाला वेगळं स्केल जोडावं लागतं. पण ते गोंदियाकरांनी करावं.

भाचा : म्हणजे नऊ मिलिमीटर ठरलं, पण एन नाही. पण १:८७ मध्ये चार फूट म्हणजे खरे फक्त १०६ मीटर. स्टेशन कुठे मावणार?

मामा : छोटी लाइन होती ते. इंजिन, चार डबे, एक ब्रेकव्हॅन. तुले इथं एक्स्प्रेस उभी कराची आहे का?

भाचा : आणि इंजिन कुठून आणू? आपल्या छोट्या लाइनचं इंजिन तयार विकत मिळत नाही.

मामा : नागपुरात मोतीबागेत उभे आहेत नं. जाऊन मोज.

नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज रेल संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला उघडलं. छोट्या लाइनची इंजिनं आणि डबे हाताने चाचपता येतील अशी ती जागा आहे. भाच्याने मान्य केलं की इंजिनाचं बाहेरचं अंग तो मापं घेऊन थ्रीडी प्रिंटरवर काढेल आणि खाली जपानी एन गेजची तयार चेसिस बसवेल. काटो कंपनीच्या लहान चेसिस अशा कामासाठी जगभर वापरल्या जातात.

मग रूळ. इथे दोघांचे स्वभावच आमनेसामने आले.

भाचा : काटोचा युनिट्रॅक घेऊ. खाली प्लास्टिकची गिट्टी लागलेली, तुकडे एकमेकांत खटाखट बसतात. सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा. वळण २४९, २८२, ३१५ त्रिज्येचं. २४९ चा पूर्ण फेरा दोन फुटी पाटात बसतो. संध्याकाळी मांडलं, रात्री उचललं. धान घरात आलं की ओसरीत पोत्यांशिवाय पाय ठेवायला जागा राहत नाही, हे तुम्हालाच माहीत.

मामा : चार फुटांत तुकडे किती?

भाचा : पाच.

मामा : म्हंजे चार जोड. जोड आला की दुखणं आलं. चाक आपटते ते जोडावर, रूळ बसते ते जोडावर, बोल्ट ढिल्ला होते ते बी जोडावर. म्हून तं रेल्वेनं रूळ वेल्ड करून लांब केले. लांब रूळ नाई भेटत का?

भाचा : मिळतो. इंग्लंडच्या पेकोचा लवचीक रूळ येतो, एक यार्डाचा, ९१४ मिलिमीटर. हाताने वाकवायचा, हवा तेवढा कापायचा, चिकटवायचा. पण एकदा चिकटवला की चिकटला. आणि नवशिक्याने वाकवला की हमखास कोपरा पडतो.

मामा : कोपरा पडते वाकवणाऱ्याच्या हातानं. अन् तुझ्या काटोच्या वळणाले ट्रान्झिशन आहे का? सरळ रुळावरून गाडी एकदम २४९ मध्ये घुसते, मंग डबा झटका खाते. वळण हळूहळू आवळाले पाहिजे.

इथे मामांनी मला चकित केलं. लवचीक रुळाचा खरा फायदा हाच आहे आणि लेआउट करणाऱ्या कित्येकांच्या तो लक्षात येत नाही. ठराविक त्रिज्येचा तुकडा एकाच क्षणी वळतो. हाताने वाकवलेल्या रुळाला सुरुवातीला सैल आणि मग घट्ट असं वळण देता येतं. लहान स्केलमध्ये त्याने गाडी दिसतेही छान आणि कपलिंगही कमी सुटतात. अट एकच. वाकवताना आतला रूळ स्लीपरमधून सरकून बाहेर येतो, तो मोजून कापावा लागतो. आणि वळणात जोड येणार असेल तर दोन तुकडे आधी सरळ ठेवून, सोल्डर करून मगच वाकवायचे. उलट केलं की जोडाशी टोक निघतं आणि गाडी रोज तिथेच उतरते.

रुळाच्या उंचीवरही बोलणं झालं. पेकोचे एन रूळ दोन प्रकारचे, कोड ८० आणि कोड ५५. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या सहस्रांशांत. कोड ८० म्हणजे दोन मिलिमीटरच्या किंचित वर. १:१६० मध्ये ती खरी ३२५ मिलिमीटर होते. आज बड्या लाइनवर असलेल्या, मीटरला ६० किलो वजनाच्या जड रुळाची उंची १७२ मिलिमीटर, म्हणजे एन स्केलचा हा रूळ खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंच दिसतो. हे ऐकून मामा बराच वेळ हसत होते. पण १:८७ ला कोड ५५ धरला तर उंची १२२ मिलिमीटर येते, छोट्या लाइनच्या हलक्या रुळाला शोभणारी.

मामा : मंग पंचावन्नच घे. अन् स्लीपर? एनचे स्लीपर बारीक अन् दाटीचे राहतीन, ते बड्या लाइनीसाठी आहेत.

भाचा : पेकोचा नऊ मिलिमीटरचाच, पण नॅरोगेजसाठी केलेला रूळ वेगळा मिळतो. त्याचे स्लीपर लांब आणि दूर दूर असतात. गेज तोच, गाड्या त्याच.

मामा : हे आधी काऊन नाई सांगितलं?

भाचा : तुम्ही बोलू कुठे दिलं!

सौदा असा झाला. समोर दिसणारं स्टेशन नॅरोगेजच्या लवचीक रुळाने करायचं. मागे डोंगराआड लपणारी दोन्ही वळणं काटोच्या तयार तुकड्यांची. तिथे कोणी पाहत नाही आणि भाच्याच्या हाताला अजून सवय नाही. काटोचा रूळ प्लास्टिकच्या गिट्टीवर चढलेला असल्याने थोडा उंच येतो, म्हणून पेकोच्या रुळाखाली कॉर्कची शीट घालायची. गाड्यांच्या गॅस्केटसाठी लागणारी कॉर्क शीट स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ जोडताना जोडपट्टी बसते का, हे मात्र विकत घेण्याआधी एकेक तुकडा हातात घेऊन पाहावं.

सांध्यावर मात्र मामांनी काही सोडलं नाही. सांधा म्हणजे जिथे एक लाइन दोन होते ती जागा, रेल्वेतली माणसं पॉइंट किंवा काटाही म्हणतात.

भाचा : काटोचे दोन येतात, नंबर ४ आणि नंबर ६. चारची वळणाची त्रिज्या ४८१ मिलिमीटर, लांबी १२६. सहाची त्रिज्या ७१८, लांबी १८६. आपल्या चार फुटांत दोन टोकांना दोन सहा नंबर टाकले तर ३७२ मिलिमीटर सांध्यांतच गेले. म्हणून चार घेऊ.

मामा : आमच्याकडं एकास साडेआठ अन् एकास बारा. तुझा चार म्हंजे फारच आखूड. पण जागेचं मले समजते. मले हे सांग, क्रॉसिंगच्या नाकाले वीज आहे का?

भाचा : म्हणजे?

मामा : दोन रूळ जिथं एकमेकाले कापते, ते नाक. इंजिनाले वीज रुळातून भेटते नं? मंग नाकावर प्लास्टिक असन तं चाकाले वीज कुठून येईन?

भाच्याकडे तयार उत्तर होतं. ज्या सांध्याचं नाक प्लास्टिकचं असतं तो बसवायला सोपा, वायरिंग लागत नाही. लांब इंजिनाला काही होत नाही, कारण त्याची मागची-पुढची चाकं जिवंत रुळावर असतात. पण आमचं इंजिन चार चाकांचं, अंगठ्याएवढं. ते हळू जाताना नेमकं नाकावर अडकणार. म्हणून नाक धातूचं घ्यायचं. मग सांधा ज्या बाजूला लागेल त्या बाजूच्या रुळाची वीज नाकाला मिळावी लागते, नाहीतर शॉर्टसर्किट. ते काम सांध्याच्या दांड्यासोबत हलणारा छोटा मायक्रोस्विच करतो. असे स्विच कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

माझ्या मते नवशिक्याने पैसा वाचवायचा असेल तर तो कुठेही वाचवावा, सांध्यात वाचवू नये. लहान स्केलमध्ये गाडी बिघडते ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी, सांध्यावर आणि मळलेल्या रुळावर.

कंट्रोलरचा वाद सर्वांत लांबला.

भाचा : डीसीसी करू. रुळावर कायम सारखं व्होल्टेज, त्यातूनच डिजिटल हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर, त्याला स्वतःचा नंबर. एकाच रुळावर दोन इंजिनं, एक थांबलेलं, एक चालतं. थांबल्यावरही दिवा जळत राहतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं हे प्रमाण आहे, त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचं इंजिन चालवतो. आणि विकतचा महाग वाटला तर डीसीसी-ईएक्स आहे, अर्डुइनो बोर्डावर स्वतः करायचं, चालवायला मोबाइल पुरतो.

मामा : एकेरी लाइनवर दोन इंजिनं कशाले? ड्रायव्हरच्या हातात गोळा नाई तोवर गाडी सेक्शनात जात नव्हती. लोखंडी गोळा, यंत्रातून निघे. एका वेळी एकच निघे. सेक्शनात एक गाडी म्हंजे एकच.

भाचा : ती सुरक्षेची सोय होती, मामा. इथे कोणी मरत नाही.

मामा : पण खेळ तोच आहे नं? गाडी आली, इंजिन सुटलं, फिरून दुसऱ्या टोकाले लागलं, गाडी परत गेली. दुसरं इंजिन सायडिंगवर उभं राहीन, त्याच्या रुळाची वीज बटन दाबून बंद.

मामांना डीसीसी ठाऊक नव्हतं, पण त्यांनी सांगितलं ते साध्या डीसीचं जुनं तंत्रच होतं. रुळाचे विजेचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एक बटन. गोळ्याच्या पद्धतीने चालणाऱ्या एकेरी लाइनसाठी ते अडचणीचं नाही, उलट खऱ्या कामकाजाच्या जवळचं आहे. डीसीसीचा जोर दिसतो तो मोठ्या यार्डात, चार-पाच इंजिनं एकत्र असताना. चार फुटी पाटावर दोन इंजिनांसाठी प्रत्येकाच्या पोटात डिकोडर कोंबणं, तेही चेसिसमध्ये मुळात जागा नसताना, मला पटलं नाही. भाच्याला राग आला, पण त्याने वाद पुढे वेगळ्या दिशेने नेला.

भाचा : ठीक, डीसी. पण जुना रिओस्टॅटवाला नको. त्यात गाडी सुरू होताना उडी मारते. पीडब्ल्यूएम करू. पूर्ण १२ व्होल्ट, पण सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद. चालू राहण्याचा वेळ वाढवला की वेग वाढतो. त्यामुळे मोटर अगदी हळूही ओढते.

मामा : मोटर तापन नाई का?

भाचा : प्रश्न बरोबर आहे. झटके मंद असतील, सेकंदाला शंभर वगैरे, तर मोटर गुणगुणते आणि नव्या कोअरलेस मोटरी तापतात. म्हणून २० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवायचं, आवाजही येत नाही. ईएसपी३२ बोर्ड आणि मॉस्फेटवाला मोटर ड्रायव्हर, हे माझ्या रोजच्या कामातलंच आहे. इंजिन चालताना पाव ॲम्पियरच्या आसपास खातं, एक ॲम्पियरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर भरपूर झाला. शॉर्ट झालं तर आपोआप तुटून थंड झाल्यावर जुळणारा फ्यूज.

मामा : अन् चालवाचं मोबाइलवर? नोको. मले नॉब पाहिजे. मोठा. उलट-सुलट कराचं बटन वेगळं, मधात बंद.

नॉब मान्य झाला. विकतचा कंट्रोलर घेणाऱ्यांसाठी इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. जपानहून आणलेल्या सेटमधला अडॅप्टर बहुधा १०० व्होल्टचा असतो; आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घातला की संपला. आणि झेडची इंजिनं ८ ते १० व्होल्टची असतात, त्यांना एनचा १२ व्होल्टचा कंट्रोलर लावून नॉब पूर्ण फिरवू नये. स्केल बदललं की कंट्रोलरही तपासावा लागतो.

वायरिंगबद्दल दोघांचं एकमत होतं, आणि तेवढ्यापुरती ओसरी शांत होती. रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात, तांब्याइतकी वीज ते वाहत नाहीत, आणि जोडपट्ट्या काळानुसार ढिल्या होतात. म्हणून पाटाखालून जाड तांब्याच्या दोन वायरी न्यायच्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांतून बारीक वायर सोल्डर करायची. पुढे कधी डीसीसी करायचं झालं तर हीच वायरिंग चालते. भाच्याचा तह बहुतेक या वाक्यावर झाला.

मामांनी कंट्रोलरची परीक्षाही ठरवून दिली.

मामा : गाडी माझ्या चालीनं गेली पाहिजे. लाइन पाहत माणूस जाते तशी. अन् सांध्यावर थांबली नाई पाहिजे.

भाच्याने लगेच हिशेब केला. चालीचा वेग ताशी पाच किलोमीटर धरला तर १:८७ मध्ये तो सेकंदाला सोळा मिलिमीटर होतो. चार फुटांचा पाट पार करायला साधारण सव्वा मिनिट. ताशी तीस किलोमीटरने तीच गाडी तेरा सेकंदांत जाते. कुठलाही कंट्रोलर विकत घेताना दुकानदाराकडे इतकंच मागावं: सव्वा मिनिटात चार फूट, न अडकता. किती किमतीचा आहे, त्यावर किती बटनं आहेत, हे त्यानंतर.

आमच्या हवेचा मुद्दा मीच काढला. मे महिन्यात इथे पारा ४५ वर जातो, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास. पस्तीस अंशांच्या फरकाने मीटरभर निकेल-सिल्व्हर अर्धा मिलिमीटरहून थोडं अधिक वाढतं. मामा म्हणाले, रूळ हिवाळ्यात टाकत असशीन तं जोडात फट ठेव, उन्हाळ्यात टाकत असशीन तं चिकटून चालते. खऱ्या रुळाचा हाच नियम. पण मोठं संकट लाकडाचं. पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो आणि त्यावरचा रूळ लाटेसारखा होतो, म्हणून पाणी सोसणारा प्लाय घ्यायचा आणि खालून-वरून रंग लावायचा. धुळीला उपाय नाही. भातगिरणीचा कोंडा हवेत असेल त्या दिवशी लेआउटवर चादर घालायची, आणि चालवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने रूळ पुसायचे. सँडपेपर लावू नये, ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

गिट्टीसाठी मामा स्टोन क्रशरचा चुरा चाळणीतून गाळणार आहेत. तो फेव्हिकॉल-पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण घालून बसवायचा. त्याआधी भाच्याने त्या चुऱ्यातून लोहचुंबक फिरवून दाखवलं आणि त्याला काळे कण चिकटले. ते रुळात राहिले असते तर इंजिनाच्या मोटरीत गेले असते. मामांनी हे पहिल्यांदाच बघितलं आणि काही बोलले नाहीत, पण पुढची सगळी चाळणी चुंबक लावूनच झाली.

माझा निकाल असा. अर्जुनीसारख्या छोट्या लाइनच्या स्टेशनसाठी टी आणि झेड दोन्ही बाद. नऊ मिलिमीटरचा रूळ, १:८७ चं स्केल. दिसणाऱ्या भागात लवचीक नॅरोगेज रूळ, लपलेल्या वळणांना तयार तुकडे. तीन सांधे, तिन्ही धातूच्या नाकाचे. कंट्रोलर साधा डीसी, पीडब्ल्यूएम, हातात धरायचा. बड्या लाइनची अर्जुनी ज्याला हवी त्याने एन घ्यावा, गेजमधला फरक सोसावा आणि मामांना दाखवू नये.

अडचण एकच उरली. छोट्या लाइनचं स्टेशन नेमकं कसं होतं याबद्दल मामांची आठवण आणि गावातल्या इतर म्हाताऱ्यांची आठवण जुळत नाही. पाण्याची टाकी कोणत्या बाजूला, माल उतरवायची सायडिंग कुठून फुटायची, प्लॅटफॉर्म केवढा, प्रत्येक जण वेगळं सांगतो. नागपूर-नागभीडची छोटी लाइनही २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, म्हणजे पाहून ताडायला आता शेजारची लाइनही नाही. गोंदिया, सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यात कुणाच्या घरी लग्नाचा, बदलीचा, निरोपाचा असा एखादा जुना फोटो असेल आणि त्याच्या मागे स्टेशन किंवा रूळ दिसत असेल, तर तो टाकून देऊ नका. मोबाइलवर त्याची नीट प्रत काढा, मागे गाव आणि साल लिहून ठेवा, आणि गावात कुणी लेआउट करत असेल तर त्याला दाखवा.